पहिला हात कुणाचा

पौष शु. १३, मंगळवार. संक्रांत.

वाण्याकडं सगळ्यांच्या आधी आली ती सोनाराची गंगू, आणि तीही नव्या बांगड्या न भरता. वाण घेतलं, तिळगूळ घेतला आणि जाता जाता मला म्हणते, "मावशी, तुमी भाईरच थांबलात ते बरं केलंत." थांबणार नाही तर काय करणार? दिवाळीच्या आधी तापाची साथ आली, त्यात घरचे, माझे धनी, गेले. आता कुंकवाचा करंडा सुनेच्या हातात. सरू पुढं जाते, मी ओट्याखाली उभी राहून नुसती हाक मारते, चला हो, वाण्याकडं हळदीकुंकवाला बोलावलंय. गुरवाच्या घरचा आवाज, त्याला कोण अडवणार.

दरसाल वाण्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. औंदा सगळ्या एका सतरंजीवर मावल्या.

ही वही घरच्यांची. बोलावण्याची घरं त्यांनी मानाप्रमाणं ओळीनं लिहून ठेवलेली. मला अक्षरंही त्यांनीच शिकवली. मागची पानं कोरी होती, म्हणून लिहिते.

नातीला, ठकीला, दात आला. वाटी तोंडात घेते आणि टक्कटक्क वाजवते. सगळे हसले. मीही हसले.

पौष पौर्णिमा, गुरुवार.

हुसेनबी मन्यारीण आली. टोपली बांगड्यांनी भरलेली तशीच. संक्रांत होऊन गेली तरी चौसाळ्यात एकीनं तिच्यापुढं हात केला नाही. तिचा नवरा हैद्राबादेहून बांगड्यांची पेटी घेऊन आला आणि त्याच आठवड्यात गावात ताप शिरला. झालं, गाव म्हणतं ताप पेटीतनं आला.

"मावशी, मेरा बच्चा बी उसीच बुखार में गया ना. मैं क्या अपने घर कू लेके आयी?"

नवरा म्हणतो, रथसप्तमीपर्यंत बघू, मग गाडी जुंपू, जालन्याला भावाकडं जाऊ. तिला जायचं नाही. पोराला इथंच पुरलंय.

"तुमने बोले तो गाव सुनता."

ऐकतं, हे खरं आहे. तेल्याच्या घाण्याचं नाव गेलं होतं तेव्हा मीच त्याच्या तेलाची फोडणी देऊन देऊन आळीभर वास सोडला होता. कुणाला काही सांगितलं नाही, आपणहून विचारत आल्या. अजून तो वाटेत दिसला की पागोटं सावरतो. माणूस असं जोडावं लागतं. काम झालं की विसरून चालत नाही, जाता-येता विचारपूस ठेवावी लागते. हे सगळं घरच्यांना सांगायचे मी. ते हूं म्हणायचे.

हुसेनबीला म्हटलं, बघते.

पौष व. १, शुक्रवार.

विहिरीवर गेले. दोर सोडता सोडता म्हटलं, "पाटलांकडं सप्तमीच्या आत बांगड्या भरायच्या असतील नाई?" गंगूनं कान टवकारले. "कुणाच्या हातनं?" म्हटलं, "मन्यारीण गावात एकच हाय की."

दोन्ही खरंच. आपल्या कामात खोटं बोलू नये. खऱ्याशेजारी खरं ठेवायचं आणि गप बसायचं. इथली रीत अशी की बांगड्या भरायला पहिला हात पाटलांच्या घरचा. तो पुढं झाला की मागं सगळ्या.

आता पाटलांना विचारायचं तेवढं राहिलंय.

पौष व. ४, सोमवार.

लिहू नये असं झालं.

सरूला घेऊन पाटलांकडं गेले, दिवेलागणीला. ओट्याखाली उभी राहिले. सून ताराबाई, तिला हाक मारायची, हे वाटेत दोनदा घोकलं होतं. तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांची सवय बाहेर पडली. "थोरल्या बाई, चला की हो! गुरवीण आलीय!"

थोरल्या बाई, ताराबाईची सासू, त्याच तापात गेल्या. आमच्या घरच्यांनंतर चार दिवसांनी. त्यांच्या तेराव्याच्या पत्रावळी मीच दिल्या होत्या.

आत मुसळाचा आवाज चालला होता, तो थांबला. ताराबाई दारात आली. "कुणाला हाक मारली, मावशी?"

सरूच म्हणाली, "चुकलं, वहिनीसाब." दार लागलं.

मेलेल्या माणसाला तिन्हीसांजेला दारात हाक मारत नाहीत. पोराटोरांनाही कळतं. घरी येऊन भाकरी खाल्ली. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भाकरीला मीठ कमी होतं.

पौष व. ७, गुरुवार.

गावभर झालं. गुरविणीनं थोरल्या बाईला बोलावलं, आता ती कुणाला तरी न्यायला येणार. वाण्याच्या घरी बारसं आहे. वाणी म्हणाला, "मावशी, औंदा बोलावणं आमीच करतो. तुमी आराम करा." पंधरा वर्षं त्या घरचं प्रत्येक बोलावणं मी केलं. बरं म्हटलं आणि आले.

हुसेनबी आली, दारातच उभी. "मेरे वजह से तुमारा बी गया, मावशी." तिला पाणी दिलं. दोघी बसलो. ती तिच्या बांगड्या पुसत होती, मी वाती वळत होते.

पौष व. ९, शनिवार.

ठकीचं बोरन्हाण करायचं ठरवलं. पहिली संक्रांत आहे तिची. आणि बांगड्या हुसेनबीच्या हातनं, सगळ्यांदेखत.

सरू पीठ मळत होती, हात तसेच ठेवून उठली. "आत्याबाई, गावाला काय सांगायचं ते सांगा. माझी लेक कावून पुढं करता?"

"गावाला सांगायचं अन् आपण करायचं न्हाई, हे कसं?"

"तुमाला भ्या न्हाई वाटत?"

मी चुलीत काटकी सारली. खरंच वाटत नाही. पण घरचे गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही, तेव्हा त्याला धीर म्हणायचं का, ठाऊक नाही. हे सरूला कसं सांगू.

भाकऱ्या झाल्यावर म्हणाली, "मांडीवर मी घेऊन बसणार. ती जरा रडली की उठणार मी."

माघ शु. १, शनिवार.

बोरन्हाण झालं. बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, चुरमुरे. ठकी काळ्या झबल्यात, हलव्याचा मुकुट कानावर घसरलेला, एवढुसा जीव पण रुबाब तालुकदाराचा! बोरं डोक्यावर पडली तर रडली नाही, एक उचलून तोंडात घालायला निघाली. गंगू आली होती. ती न येऊन कसं चालेल, उद्या सांगणार काय?

हुसेनबीनं आल्या आल्या अंगणात सगळ्यांसमोर हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा पाणी मागितलं तेव्हा मीच म्हटलं, "बास की गं, कातडं जाईल." कुणीतरी हसलं.

ठकीची मूठ दाबून तिनं काळी बांगडी चढवली. ओठांत बिस्मिल्ला म्हणाली असावी. ठकीनं बांगडी चाटून बघितली. मग सगळ्याच हसल्या.

तेवढ्यात ताराबाई आली. बोलावलं नव्हतं, माझी छातीच झाली नव्हती. बरोबर दिंद्रुडला दिलेल्या दोघी नणंदा. सगळ्या उठून उभ्या. तिनं ठकीचं मनगट हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, त्या दिवशी तुमी हाक मारली, तवा मीबी वळून माजघराकडं बघितलं. आमच्या आत्याबाई उठल्या का म्हून."

मी मान हलवली. तिनंही.

मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सप्तमीला आमी तिघी येतो. पोरगी अशीच खुशाल असली तर हितंच बसून बांगड्या भरू."

नणंदांपैकी एक म्हणाली, "अन् नसली तर?" ताराबाईनं ठकीचा घसरलेला मुकुट सरळ केला.

माघ शु. ५, बुधवार.

घरात बायकांची रीघ. कुणाला विस्तव हवा, कुणाला विरजण. विस्तव न घेताच जातात. ठकीला बघायचं असतं. गंगू काल दोनदा आली. हुसेनबी मात्र येत नाही. रस्त्यापलीकडं चिंचेखाली उभी राहते, सरू पोरीला कडेवर घेऊन दारात येते, तिला दाखवते, आत जाते. सरूनं हे आपणहून सुरू केलं. हुसेनबीच्या नवऱ्यानं गाडी शनिवारची सांगून ठेवली आहे.

सकाळी ठकीनं दूध घेतलं नाही. सरू म्हणाली, दुसरा दात येत असंल. असेलही. कपाळाला हात लावला, गार लागलं. मग वाटलं, माझाच हात गार असेल. सरूला लावायला सांगितला. ती म्हणाली, "गारच हाय, आत्याबाई." तरी पुन्हा लावला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भीती वाटली. चुलीपाशी जाऊन बसले.

दुपारी अर्धी वाटी प्याली.

ताराबाई आणि नणंदा यायच्या आहेत परवा. शुक्रवार, सप्तमी.