कार्बोरेटरची सुई

बाबा, तुमची गाडी गेल्या रविवारी चालू झाली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यातली पाच मी तिच्याखाली आडवा पडून काढली. सुट्टीच्या दिवशी मीरा रोडहून राई गावात आपल्या घरी यायचं, शेडचं दार उघडायचं, खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला पत्रा कापून नवा जोडायचा. बायको विचारते, हा कसला छंद? मीही लोकांना छंदच सांगतो.

तुमच्या साहेबांनी परदेशी जाताना ही दोन सीटांची, बंद पडलेली विलायती स्पोर्ट्स गाडी आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे तुम्हाला, देऊन टाकली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तुम्ही तिच्यामागे वर्षानुवर्षं लागलात. इंजिन कधी दोन मिनिटं चालायचं, कधी खोकून बंद पडायचं. मला अजून दिसतंय, तुम्ही बॉनेटखाली वाकला आहात, रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं दोन कार्बोरेटरांपैकी एकाच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. मग ती नळी माझ्या कानाला लावता. "ऐक. हा जास्त ओढतोय, तो कमी. दोघांचा श्वास सारखा झाला पाहिजे." मला काही फरक कळत नाही, तरी मी मान हलवतो, आणि तुम्ही हसता.

मला नोकरी लागली त्या वर्षी कार्बोरेटरची सुई मी कुणाकुणाला विचारून परदेशातून मागवली. पितळेची, काडीएवढी. तुम्ही ती बसवायला घेतलीत, हात कुठेतरी आपटला आणि सुई वाकली. मी ओरडलो, "जमत नाही तर हात कशाला लावता?" शेजारचे काका दारात उभे होते. तुम्ही फक्त म्हणालात, "चुकलं रे." फडक्याने हात पुसलेत, घरात गेलात. त्यानंतर शेडमध्ये पाऊल टाकलं नाहीत. मला वाटलं, रुसलात. येतील आपले आपण, म्हणून मी बोललो नाही. दोन वर्षांनी तुम्ही झोपेतच गेलात. गाडीवर ताडपत्री तशीच होती.

रविवारी आईला शेजारी बसवून घोडबंदरपर्यंत गेलो. पदर उडू नये म्हणून तिने तो घट्ट धरलेला. खुशीत होती. मध्येच म्हणाली, "त्यांच्या हातून झालं असतं, पण हात थरथरायचे ना. शर्टाची बटनं लागत नव्हती शेवटी. मीच लावायचे."

"कधीपासून?"

"तुझी नोकरी लागायच्या आधीपासून. पोराला सांगू नको म्हणाले. त्याला कशाला घोर."

मी गाडी कडेला घेतली. आईला वाटलं इंजिन तापलं. ती म्हणाली, "राहू दे जरा थंड व्हायला." मी स्टिअरिंगवर डोकं टेकून राहिलो आणि तिला तसंच वाटू दिलं.

हे तुम्हाला कुठे पाठवणार, बाबा. पण एक सांगायचं राहिलंय. आठवडाभर सिग्नलला लोक गाडीभोवती जमताहेत, फोटो काढताहेत. "भाईसाब, ये सब किससे सीखा?" मी सांगतो, मोबाईलवर बघून. तुमचं नाव घेतलं, तर त्यांनी गाडी स्वतः का पुरी केली नाही, असं कुणीतरी विचारेल.