मागणी तसा गॅस

३ जानेवारी १९६४
शेणाच्या गॅसची टाकी सुरू झाली. ज्योत निळी. पहिला चहा झाला आणि स्वयंपाकघरातली चूल मी स्वतः कुदळीने फोडली. आमची ही, आशाबाई, म्हणत होती, दोन म्हयने पाहा, मंग फोडा. पण धुराने हिचे डोळे वर्षानुवर्षं गळतात. ते थांबवीन असा शब्द दिला आहे. उभ्या नांदगाव खंडेश्वरात असा नवरा दुसरा नसेल.
संकल्प: यापुढे घरात गोवरी नाही. सगळं शेण टाकीत.

५ जानेवारी, दुपार
सकाळी गॅस पुरत नाही. दुपारी कोणी विचारत नाही, तेव्हा टाकीचं लोखंडी झाकण गॅस साठून वर येतं. दोष गॅसचा नाही, प्लॅनिंगचा. लागेल तेव्हा, लागेल तेवढा गॅस झाला पाहिजे. अकोल्याच्या प्रदर्शनातला साहेब म्हणाला होता, टाकीला रोज सारखंच खाणं द्या. साहेब सरकारी. नांगराच्या दिवशी बैलाला आपण जास्त चारतोच की.

८ जानेवारी
शेण कमी पडतं. म्हशी पूर्वीसारखं मन लावून काम करत नाहीत. हिला विचारलं. म्हणे, मले काय मालूम, म्हशीले विचारा.
शेजारच्या मनकर्णाबाईंची भिंत मात्र गोवऱ्यांनी भरली आहे. जनावर म्हणाल तर एक शेळी. मागासलेली बाई. एकदा समजावलं पाहिजे.

१२ जानेवारी
धामणगावहून मेव्हणे शालिकरामजींचा निरोप. पुढच्या रविवारी सहकुटुंब येतात. माझ्या टाकीला हे गृहस्थ ‘शेणाची बँक’ म्हणतात. हिने अट घातली: माह्या भावाचा सैपाक गॅसवर झाला तं झाला, नाई तं सोमवारी चूल मांडीन. अट आनंदाने मान्य. चूल परत येण्याचा प्रश्नच नाही.

१५ जानेवारी
टाकीला खुराक सुरू. सरकीची ढेप, गूळ, संक्रांतीचे उरलेले तीळ. म्हशीच्या वाट्याची ढेपही टाकीत. ही म्हणे, म्हशीच्या तोंडचं काढून खड्ड्यात काहून टाकून राहिले? डिमांड-सप्लाय बायकांना समजत नाही.

१७ जानेवारी
झाकण पार वर! इतकं कधीच आलं नव्हतं. वास जरा आंबट आहे, पण प्रगतीला वास असायचाच. गॅस रविवारसाठी राखीव, म्हणून पेटवून पाहिला नाही. घरात दोन दिवस मुरमुरे.

१९ जानेवारी, रविवार, सकाळ
पाहुणे आले. शालिकरामजींना हाताला धरून झाकण दाखवलं. झाकणाभोवती फेरी मारली! मग म्हणाले, ते असू द्या भाऊजी, मले तं बहिणीच्या हातचे रोडगे खाची इच्छा हाय.
रोडगे! कणकेचे गोळे, पेटलेल्या गोवऱ्यांत भाजायचे. एवढं सगळं प्लॅनिंग केलं, पाहुण्यांच्या जिभेचं राहिलं. घरात गोवरी औषधाला नाही. तरी डगमगलो नाही. रोडगे गॅसवर होणार नाहीत असं कुठे लिहिलंय?

त्याच दिवशी, दुपार
काडी लावली. गॅस आला, फस्सकन, आणि काडीच विझली. दुसरी विझली. पेटी संपली. शालिकरामजींनी खिशातली स्वतःची पेटी दिली. तीही संपली. ते म्हणे, हे तं आग विझवाची मशीन झाली, आमच्या जिनिंगवाल्याले विका, त्याच्या कापसाले सारखी आग लागते. मी म्हणालो, प्रेशर जास्त आहे.
ही उठली आणि भिंतीवरून हाक मारली. मनकर्णाबाई टोपलंभर गोवऱ्या घेऊन हजर. म्हणे, संकोच करू नोका भाऊ, शेन तुमचंच हाय, वैनी रोज पहाटे टोपलं देते. हिने वर पाहिलं नाही. मी म्हशींबद्दलचं मत बदललं.
अंगणात गोवऱ्या पेटल्या. रोडगे, वांग्याची भाजी. शालिकरामजी हाताने वाढून घेत होते. मीही खाल्ले, केवळ तुलनेसाठी. ही मात्र धुरात बसून सारखी पदराने डोळे पुसत होती. ते बघवेना. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

२० जानेवारी
चूल मांडली. माती मीच कालवली. शब्द म्हणजे शब्द. टाकीला अजीर्ण झालं होतं, म्हणून आत चुना टाकला, खुराक बंद. तशीही ढेप संपलीच होती.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
आंबट वास गेला! झाकण वर. काडी लावली तर ज्योत निळी, लांब, जराही न थरथरणारी. सप्लाय भरपूर. डिमांड बघायला आत गेलो. ही चुलीपुढे. म्हणे, भाकरी झाल्या. म्हटलं, निदान चहा? म्हणे, तुमचा गॅस, तुमीच मांडा.
मांडला. पाहता पाहता उकळला. दूध मागितलं.
म्हणे, ढेप बंद झाली तवापासून म्हशी आटल्या. ज्यानं ढेप खाल्ली त्यालेच मागा दूध. आणि पदराने डोळे पुसू लागली. धुराने की हसून, ते विचारायचा धीर झाला नाही.
टाकीपाशी बसून कोरा चहा प्यालो. ज्योत मात्र फार सुंदर होती.