पंधरा मीटर वायर आणि खांबाचा क्लॅम्प

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
हळद ओलावा नोंद प्रकल्प,
औंढा नागनाथ, जि. हिंगोली

विषय : नोंदयंत्रासाठी पंधरा मीटर वायर व खांबाचा क्लॅम्प सोमवारच्या शिवारफेरीआधी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे याच विषयाचे दोन अर्ज व एक समक्ष भेट (आपण जेवायला गेला होता).

महोदय,

विनंती अर्ज करतो की, मी वसराम हिरासिंग आडे, शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर राहतो. माझी दोन एकर हळद आहे. बांधाला बांध लागून माझे साडू देविदास पवार यांची हळद आहे. प्रकल्पातून आम्हा दोघांना एकेक नोंदयंत्र मिळाले. त्यांचे यंत्र शेतात लोखंडी खांबावर आहे व त्याची वायर जमिनीतल्या सुईपर्यंत जाऊन ओलावा मोजते. माझे यंत्र स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे.

१. कारण माझ्या पिशवीत खांबाचा क्लॅम्प नव्हता, भिंतीची पट्टी निघाली. वायर हातभर, आणि ती फक्त गरमी मोजते. आपल्या सहायकांनी आठ दिवसांचा आलेख काढून दिला, तो आमच्या चुलीचा आहे. त्यात संध्याकाळची रेघ आडवी पडली आहे, कारण सौ. पद्माबाई रोज बहीण शिला, म्हणजे देविदासची बायको, हिच्या शेतात खांबापाशी जाऊन बसते. विचारले तर म्हणाली, "तिथं साहेब लोक येऊन राहिले, शिलाला चहाला हात लागतो. तुमी काहून जळून राहिले?" मी नाही म्हणालो. पण आपणापासून काय लपवायचे, जळतो.

२. सोमवारी शिवारफेरी देविदास यांच्या शेतात थांबणार आहे. ती पाहायला आमच्या सासूबाई जमनाबाई कुरुंद्याहून खास येणार आहेत. जावई दोन आणि खांब एक, हे त्यांच्या डोळ्यांनी बराबर दिसणार. लग्नाला बावीस वर्षे झाली, त्यांनी मला अजून एकदाही चांगले म्हटलेले नाही. देविदासला म्हणतात.

३. आता खरे तेही लिहितो. वाटपाच्या दिवशी टेबलावर नावे लिहिलेल्या पिशव्या होत्या. देविदासची पिशवी माझ्यापेक्षा मोठी दिसली. माझ्या पोटात दुखले. त्यांच्याकडे हळद साठवायचे गोदाम आहे म्हणून ते सामान गोदामाचे होते, हे मला ठाऊक नव्हते. ते अंगठी काढून हात धूत होते तेवढ्यात मी नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या. हात दाखवून अवलक्षण ते हेच. तरी आपल्या कार्यालयाचा यात दोष नाही.

४. काल सकाळी देविदास स्वतःची वायर व क्लॅम्प सोडवून आमच्या ओट्यावर घेऊन आले. म्हणाले, "साडभाऊ, चिठ्ठ्या बदलल्या तवाच मी पाह्यलं होतं. सोमवारी तुमच्या शेतात लावा, सासूबाई येऊन राहिल्या." आणि चहाही न घेता गेले. तेव्हापासून सौ. घरात माणूस असावा तर असा म्हणून राहिली आहे. जरा भांडले असते तर मला बरे वाटले असते. ही वायर लावली तर ओलावा माझ्या शेताचा दिसेल, पण तांडा नाव त्यांचे घेईल. मला ही तकलीफ सहन होत नाही.

तरी मला माझी स्वतःची वायर व क्लॅम्प शनिवारपर्यंत द्यावा, म्हणजे त्यांचे सामान त्यांच्या ओट्यावर ठेवून येईन. ते जमत नसेल तर ही वायर प्रकल्पाची आहे, देविदास यांची नाही, एवढे शिक्क्यासह लेखी द्यावे. सासूबाईंना वाचता येत नाही, पण शिक्का ओळखतात.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
वसराम हिरासिंग आडे
दि. ११/०९/२०२५

सोबत : १. चुलीचा आठ दिवसांचा आलेख.
२. गोदामाची पिशवी, चिठ्ठीसह. चिठ्ठीवर नाव माझे असले तरी ती देविदास यांची आहे.