घरचं माणूस

बाई, परवा पेपरात एक फोटो होता. राष्ट्रपतींच्या हातून मान घेणारी एक तृतीयपंथी कलावंत. लपवाछपवी नाही, फोटोखाली सगळं छापलेलं. वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरची अक्षरं लावून लावून मी वाचायला शिकले, म्हणून मला ते कळलं तरी. आनंद व्हायला हवा होता. आधी भीतीच वाटली, आणि तुमची आठवण आली.

माझे मालक दौंडच्या रेल्वे यार्डात अपघातात गेले, तेव्हा रेल्वेच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी मला शिरूरला तुमच्याकडे स्वयंपाकाला आणून ठेवलं. शनिवारी त्या एस.टी.नं दौंडहून यायच्या. आतल्या खोलीत पलंग एकच. नवरा-बायकोनं राहावं तशा तुम्ही दोघी राहता, हे मला लवकरच कळलं. एकमेकींच्या ताटातलं उचलून खाता, मिठावरून भांडता. माझाही संसार असाच होता, थोडे दिवस.

मग तुम्हाला आदर्श शिक्षिकेचा दिल्लीचा पुरस्कार जाहीर झाला आणि मी घाबरले. तोवर त्या घराकडे कुणी पाहिलं नव्हतं. आता हार घेऊन येणारे आतपर्यंत येणार. कुणी शिक्षण खात्याच्या साहेबाच्या कानावर घातलं तर मान जाईल, दोघींच्या नोकऱ्या जातील. मी शेजारच्या आत्याबाईंची खाट मागून आणली आणि आतल्या खोलीत टाकली. तुम्ही शाळेतून आलात, चपलाही काढल्या नाहीत.

"ही कुणासाठी?"

"लोकं येणार हायेत, बाई."

"झोपायला येणार आहेत का? उचल."

सिस्टर इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला. मला हसू आलं नाही.

सत्काराला शाळेचं पटांगण भरलेलं. शाल-नारळ झाल्यावर सभापती माईकवरूनच विचारतात, "बाईंच्या संगट दिल्लीला कोण जाणार? घरचं एक माणूस नेता येतंय."

तुम्ही सिस्टरांकडे हात करता. "ह्या."

"ह्या तुमच्या कोण?"

तुम्ही माईक जवळ ओढता. "घरचं माणूस."

मागून कुणीतरी फिसकन हसतं. आत्याबाई उठून उभ्या राहतात. "दात काय काढतोस रं मुडद्या? तुझ्या पोराला गोवर निघाला तवा कोण पळत आलं व्हतं? वाजव टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. आत्याबाईंना कळलं होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही.

तुम्ही दोघी दिल्लीला जाऊन आलात, काही झालं नाही. पुढं सिस्टर गेल्या, मग तुम्ही. भीती तेवढी माझ्याकडे राहिली. तुमच्या विद्यार्थिनी आता नातवंडांना घेऊन भेटतात, विचारतात, "त्या सिस्टर बाईंच्या कोण होत्या हो?" तुम्ही भर सभेत जे बोललात, ते मला माझ्या ओट्यावर बोलवत नाही. या पत्रावर घालायला पत्ता नाही, ते कुणी वाचणार नाही, म्हणून खरं ते इथं लिहिते. त्यांना मी सांगते, चुलतबहीण. आणि कुणी फार खोदलंच, तर त्या चुलत्याचं गावही सांगते. केडगाव.