पाहुण्यांपुढं इंग्लिश

११ सप्टेंबर
क्लासच्या मॅडमनी आज वाईट स्वभावाचे शब्द दिले. चांगल्या स्वभावाचे मागं दिलेले, त्यातला एक ध्यानात न्हाई. हे मात्र बसल्या बसल्या पाठ. माणसं डोळ्यापुढंच हायेत ना! ग्रीडी = हावरा = ऊसतोडीचा मुकादम. कनिंग = कावेबाज = परत मुकादम. (पुढं नुसतं मु. लिहीन. पूर्ण लिहायची लायकी न्हाई त्याची.)

संध्याकाळी मु. ओट्यावर हजर. दादाला (बापाला मी दादाच म्हणते) म्हणला, "पोरीला अठरा पुरी झाली. टोळीत एक पोरगा एकटाच हाय, अर्धा कोयता. उरकून टाका." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. म्हंजी मी उरलेला अर्धा. बी.ए.चं पहिलं वर्ष गेलं चुलीत.

१४ सप्टें.
भांडले. म्हणलं, पाथर्डीत होस्टेलला राहते. दादा: "आमी दोघं सहा म्हैने कारखान्यावर, तू हितं एकली. कुणाच्या जिवावर सोडू?" आई भाकरी थापत राहिली. तिचं बी लग्न असंच झालेलं, टोळी निघायच्या आधी.

दादासाठी शब्द बघितला. कावर्ड = भित्रा. लिहिला अन् खोडला. भितो, पण माझ्यासाठी भितो. त्याला काय म्हणत्यात ते मॅडमनी दिलं न्हाई.

१९ सप्टें.
पित्रं चालू हायेत म्हणून पोराकडचे पाहुणे यायचे थांबलेत. घट बसले की येणार. आई म्हणली, तुळशीचं लग्न तरी होऊ द्या. मु.: "मुहूर्ताला ऊस थांबत न्हाई."

एस्टीत शब्द पुटपुटत होते. स्टबर्न, रूड, सेल्फिश... शेजारची बाई हात जोडून, "कोणता मंत्र गं बाई?" म्हणलं, लग्न टळायचा.

२४ सप्टें.
आले. आईची साडी, हातात पोह्यांचा ट्रे. नाव सांग. भाकरी येती का. मोळी उचलशील का. मान खाली घालून व्हय-व्हय केलं. मग पोराची आई, "इंग्लिश शिकती म्हणं, बोल की कायतरी!"

झालं! हात जोडले अन् एकदम नम्र आवाजात: आय ॲम स्टबर्न. आय ॲम रूड. आय ॲम सेल्फिश अँड लेझी. आय ॲम व्हेरी क्वॉरलसम. म्हंजी हट्टी, उद्धट, आपमतलबी, आळशी अन् एक नंबरची भांडखोर.

"अगं बया, किती गोड बोलती!" मु.ची छाती अशी फुगली, जसं त्यानंच शिकवलंय. पोरगा तेवढा मान खाली घालून हसू दाबत होता. जाताना नळापाशी हळूच म्हणला, "शेवटचा न्हाई कळला. बाकीचे कळले."
"भांडखोर."
"बरं," म्हणला अन् गेला. घरी सांगतो का न्हाई, देव जाणे.

२५ सप्टें.
निरोप आला, पोरगी पसंत. घ्या! माझी हुशारी माझ्याच अंगाशी आली. रडले. मग रडल्याचा राग आला.

दादा खुशीत. "काय म्हणलीस गं, समदी येवढी खूश?" सांगितलं, एकेक शब्द अर्थासकट. वाटलं, आता बसती कानाखाली. दादा बघतच राहिला, मग असा हसला की ठसका लागला. डोळे पुसत म्हणला, "आळशी तेवढं खोटं बोललीस."

मग टोपी सारखी करत म्हणला, "इतकं नको हाय व्हय तुला?"
"व्हय."
"अन् मुकादमाला काय म्हणत्यात इंग्लिशमधी?"
सांगितलं. दादा तोंडातल्या तोंडात, कनिंग, कनिंग. तेवढ्यात मु.चाच फोन. दादा "बोला" म्हणत अंगणात गेला.

२६ सप्टें.
फोनवर काय बोलला, सांगंना. नुसतं "बघू". आईनं मात्र सकाळी न विचारता माझा कॉलेजचा डबा भरला.

उद्या मु. होकार न्यायला येणार हाय. येऊ दे. ओट्यावर आधी मी बसणार. पाहुण्यांपुढं बोलले तेच समदं त्याला परत सांगणार हाय, ह्या बारीला मराठीत.