बारा हजार शेअर

३ फेब्रुवारी
आजपासून नेटवर आठवड्याला दोन लेख. विषय: नेतृत्व, शिस्त, यश. वर्षभरात सफाक्स शहरात अनीस म्हटलं की लोकांना एसी दुरुस्त करणारा नाही, विचारवंत आठवेल. बायकोला, बस्माला सांगितलं. म्हणाली, "बरं. जेवायला ये."

९ फेब्रुवारी
'पहाटे पाचला उठण्याचे अकरा फायदे' टाकला. नऊला उठलो, त्यामुळे जरा उशीर झाला. शेअर दोन. त्यातला एक माझा.

२० फेब्रुवारी
कॅफेत मित्र रिधा म्हणाला, "लोकांना उपदेश नको असतो रे. जखम दाखव." दुकानात बसून जखम आठवत राहिलो. एकच सापडली. नोव्हेंबरची.

२१ फेब्रुवारी
लिहिला. आमचं बाळ तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं, त्याबद्दल. बस्मा तेव्हा म्हणाली होती, "हे दोघांतच राहू दे." गाफ्साला तिच्या आईलाही तिने कळवलेलं नाही. पण मी नाव कुठे घातलंय? नुसतं 'माझी पत्नी'. पत्नी सगळ्यांनाच असते. मुलगा की मुलगी कळलं नव्हतं. मुलगी लिहिलं, वाचकाला जवळची वाटते. शीर्षक: 'न जन्मलेल्या मुलीने शिकवलेले टीमवर्कचे पाच धडे'. लिहिताना रडलो. म्हणजे लेख दर्जेदार आहे.

२३ फेब्रुवारी
बारा हजार शेअर! ट्यूनिसच्या एका कंपनीने भाषणाला बोलावलंय. बस्माला योग्य वेळी सांगेन.

२४ फेब्रुवारी, दुपार
योग्य वेळ आली नाही. आधी तिच्या आईचा फोन आला. गाफ्साच्या शेजारणीने लेख वाचून दाखवला म्हणे. बस्मा फोनवर नुसतं "हो आई, हो आई."
मग माझ्या फोनवर लेख वाचला. सावकाश. विचारलं, "मुलगी होती, हे तुला कुणी सांगितलं? दवाखान्यात जाऊन विचारून आलास?" आवाज इतका मऊ होता, की हो म्हणावंसं वाटलं. खरं सांगितलं. तिने फोन टेबलावर ठेवला, पालथा.

२५ फेब्रुवारी
सकाळच्या बसने गाफ्साला गेली. थोडी विश्रांती हवीच होती तिला. भाषणाची तयारी सुरू.

२ मार्च
गाफ्साला जाऊन आलो. सासूबाईंनी दारातच चहा दिला. म्हणाल्या, "बाळा, ती झोपलीय." आतून भांड्यांचा आवाज येत होता. चहा संपवला, ग्लास परत दिला.

६ मार्च
भाषणाला नाही म्हटलं. लेखही काढला. रिधा म्हणतो, उपयोग नाही, लोकांनी आपापल्या नावावर टाकलाय. बघितलं. खरंय. एका ठिकाणी एका बाईने खाली लिहिलंय, 'आता वहिनी कशा आहेत?'
उत्तर लिहायला घेतलं. तासभर बसलो. मला माहीत नाही.