सातशे ब्याण्णव नंबरचा कप्पा

अब्बा,

आज शुक्रवार. जुम्म्याची नमाज पढून आलो, जेवलो, आणि तासभर झाला कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतोय. बाहेर सौदीतल्या यान्बूचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कपाटात माझ्या बेसबॉल कार्डांचे एकोणीस अल्बम. खालचे दोन खण रिकामे करून द्या, असं बायकोनं सकाळी पुन्हा सांगितलं, आणि इकडे फोनवर यंदाच्या नव्या सेटची ऑर्डर अर्धी भरून पडलीय. एक बटण दाबायचं किंवा नाही दाबायचं, एवढंच काम. ते होत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. बसलो तरी कुठे, दोन ओळी लिहितो, उठतो, पाणी पितो, परत येतो.

हे खूळ घरात तुम्ही आणलंत, हे आधी कबूल करा. इथल्याच एका प्लांटच्या स्टोअरमध्ये तुम्ही स्टोअरकीपर होतात. कुणी अमेरिकन इंजिनियर बायकामुलांसह कायमचा परत निघाला आणि जाताना एक खोका तुमच्या काउंटरवर ठेवून म्हणाला, फेकून दे. तुम्ही जन्मात काही फेकलं नाहीत. खोक्यात पुठ्ठ्याची शेकडो कार्डं, सगळी एकाच वर्षाची. पुढच्या बाजूला बॅट घेतलेला नाहीतर चेंडू फेकणारा गडी, मागे बारीक इंग्रजी आणि कोपऱ्यात नंबर. पूर्ण सेट सातशे ब्याण्णवचा, त्यातली दीडेकशे गायब. सुट्टीवर आलात तेव्हा दुधाच्या पावडरच्या डब्यांखाली तो खोका निघाला. आपण दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून कार्डं नंबरवार लावतोय, अम्मी चुलीपाशी भाकरी थापतेय. मी विचारतो, "हा कोण?" तुम्ही कार्ड लांब धरून म्हणता, "बोलर." "आणि हा?" "हा पण बोलर." "सगळेच बोलर कसे?" "अमेरिकेत बोलरच जास्त," तुम्ही इतक्या खात्रीनं सांगता की अम्मीला हसू आवरत नाही आणि तव्यावरची भाकरी करपते. हा खेळ आपल्या दोघांनाही कळत नव्हता. खरं सांगायचं तर मला अजूनही नीट कळत नाही.

अल्बमही तुम्ही आणला होतात, एका पानाला नऊ कप्पे असलेला. तो तुम्ही उजवीकडून भरलात. एक नंबर शेवटच्या पानावर, वरच्या उजव्या कप्प्यात, आणि तिथून डावीकडे, जसं तुम्ही लहानपणी मदरशात वाचायला शिकला होतात तसं. मी शाळेतला शहाणा. म्हटलं, "अब्बा, उलटं होतंय." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "उलटं तुझ्या शाळेत. इकडून उघड, सरळ होईल." पुढे तुम्ही इथे अमेरिकनांच्या कंपाउंडमधल्या जुन्या सामानाच्या बाजारात दर शुक्रवारी राहिलेले नंबर शोधायचात आणि गावी जाणाऱ्याच्या हाती पाठवायचात. खजुरांच्या पिशवीत पाकीट, पाकिटात कार्डं आणि दोन ओळी: पाच मिळाली, उरली एकोणसाठ. सुट्टीत एखादं पान भरलं की तुम्ही इथल्या लोकांसारखे दोन्ही तळवे एकमेकांवर झटकून म्हणायचात, "खलास!" अम्मीला तो शब्द आवडायचा नाही. "आपल्यात माणूस मेला की खलास म्हणतात," ती पुटपुटायची. "तिथे काम झालं की म्हणतात," तुम्ही हसायचात.

मी आठवीत असतानाची गोष्ट. खोक्यात दुबार निघालेली कार्डंही मला सोडवेनात, शिवाय दुसऱ्या वर्षाचा आणखी एक खोका आणा म्हणून मी तुमच्या मागे लागलो. तुम्ही चिडलात. माझ्यावर इतके चिडलेले तुम्ही त्या एकदाच दिसलात. पाकिटातून एक मळकं बिन कार्ड काढून माझ्यासमोर आपटलंत. स्टोअरमध्ये प्रत्येक कप्प्यावर असं कार्ड टांगलेलं असतं, आत काय आहे, किती आलं, किती गेलं, आणि वर दोन आकडे, मिन आणि मॅक्स, कमीत कमी किती हवं आणि जास्तीत जास्त किती. "मिन सगळे वाचतात," तुम्ही म्हणालात, "मॅक्स वाचतो तो स्टोअरकीपर. मॅक्सच्या वर एक बोल्ट जरी मागवलास ना, तर तो माल नाही, अडगळ." मी रडलो, दुपारी जेवलो नाही. पण अब्बा, लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तुमचं स्वतःचं मॅक्स कुठे होतं? प्रत्येक सुट्टीत तुम्ही म्हणायचात, ही शेवटची दोन वर्षं. मग घरावर स्लॅब घातला, मग ताईचं लग्न निघालं, मग विहीर. दर वेळी आणखी दोन वर्षं. मला त्याचा अजून राग आहे. तुम्ही नाहीत म्हणून तो कमी झालेला नाही.

मी दहावीत होतो तेव्हा तुमचं पत्र आलं: "सातशे ब्याण्णव मिळालं. शेवटचंच आहे, कुणाच्या हाती देत नाही, मीच आणतो. मग मी पण खलास, कायमचा घरी." दोन महिन्यांनी स्टोअरमध्येच तुम्ही छातीत कळ येऊन गेलात. दफन इथेच झालं. गावातल्याच कुणाच्या हाती तुमची ट्रंक आली. कपडे, चष्मा, घड्याळ, आमच्यासाठी घेऊन ठेवलेले टॉवेल. अम्मी कपड्यांच्या घड्या छातीशी धरून बसली होती आणि मी शेजारी ट्रंकेचं अस्तर उसकटत होतो. कार्ड मिळालं नाही.

आता मी इथे चौदा वर्षं आहे. तुमच्या कब्रस्तानात नावाच्या पाट्या नाहीत. एका ओळीपाशी उभा राहून दुआ करतो, ओळ तरी बरोबर आहे का, माहीत नाही. इथे आलो त्याच वर्षी मी नव्या कार्डांचे सेट जमवायला लागलो. हल्लीचे सेट तुमच्या वेळेसारखे नाहीत, अब्बा. एकाच गड्याचं साधं कार्ड, मग निळ्या कडेचं, सोनेरी कडेचं, काळ्या कडेचं, मग एक असं, जे मुद्दामच मोजकं छापतात. सेट पूर्ण झाला म्हणावं तर तिकडून पुरवणी निघते. परवा मुलगी, यंदा बारावीत आहे, पानं उलटत म्हणाली, "अब्बा, ये तो सेम आदमी है. सात बार?"

"कडा वेगळ्या आहेत," मी म्हटलं.

"सो, व्हेन विल यू बी डन?"

ही कार्डं काढणारे मॅक्स लिहीतच नाहीत. आणि तेवढ्यात मला माझी चोरी सापडली. मॅक्स नाही म्हणूनच तर मला हे आवडत होतं. जे कधी पुरंच होत नाही, त्याच्यावर खलास म्हणायची वेळ कुणावर येत नाही.

मग तिनं तुमचा अल्बम काढला. सगळे उघडतात तसा डावीकडून उघडला. पहिल्याच पानावर खालच्या कोपऱ्यात एक कप्पा रिकामा. "फर्स्ट पेजवरच गॅप?"

"ते पहिलं नाही, शेवटचं पान आहे. तुझे दादा उजवीकडून भरायचे."

तिनं अल्बम फिरवून पाहिला, बोट ठेवून एक नंबर शोधला, आणि खूश झाली. मग परत त्या कोपऱ्याशी येऊन थांबली. "म्हणजे दादांचा सेट पण इनकम्प्लीट?"

"ते कार्ड मिळालंच नाही," मी म्हटलं.

आत्ता, मघाचा परिच्छेद लिहून उठलो आणि ती ऑर्डर रद्द केली. बायकोला दोन नाही, चार खण देतो म्हणालो. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. मुलीनं आतून ओरडून विचारलं, "डन?" मी तळवे झटकले आणि तुमच्यासारखंच म्हटलं, "खलास."

हे पत्र द्यायचं कुणाच्या हाती? तुमच्याकडे जाणारा कुणी सामान घेऊन जात नाही. तेव्हा ते अल्बममध्येच राहील. पण एक गोष्ट तिला सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. सातशे ब्याण्णव नंबरचं कार्ड चार वर्षांपूर्वीच मला मिळालं. ऑनलाइन शोधलं तर एका दिवसात सापडलं. बोलरच आहे. ते माझ्या टेबलाच्या खणात पाकिटात पडून आहे. कितीदा बाहेर काढलं, त्या कप्प्याच्या तोंडाशी नेलं आणि परत ठेवून दिलं. हात पुढे जात नाही, अब्बा. ते तुम्ही आणतो म्हणाला होतात.